नितळ पाण्यातलं जाळं

सोपानने जाळं ओढलं. आजही ते रिकामंच होतं. होडीतून थेट तळ दिसत होता, आणि मासे जाळ्यापाशी येऊन निवांत माघारी वळत होते.

“चष्मे लावून फिरतायत जणू!” तो चिडून म्हणाला. “संध्याकाळी मच्छीमार सोसायटीत मतदान आहे. धरणातले शिंपले काढून टाकायला पहिला हात माझा.”

शेतांतून वाहून येणारं खत खाणारे ते शिंपले प्रयोगशाळेत घडवलेले होते. धरणात सोडल्यापासून त्यांनी पाण्यावरची हिरवी साय पार संपवली होती. पण आधीच्या गढूळ पाण्यात चिलापी मासळी आंधळेपणाने जाळ्यात शिरायची, आणि सोपानचं घर तिच्यावरच चालायचं.

त्याची बायको हौसा वल्हं मारता मारता हसली. “पांढरंफेक नायलॉन घेऊन आलाय आणि माशांना नावं ठेवताय! माझा बा बाभळीच्या सालीत जाळं उकळायचा. कशापायी, ते आत्ता कळलं.”

दुपारी चुलीवर मोठं पातेलं चढलं. मातकट झालेलं जाळं पाण्यात उतरलं आणि दिसेनासंच झालं. ऊन कलताना ओढलं, तेव्हा त्यात हातभर लांबीची, सापासारखी वाम मासळी होती. घाण पाण्यात वाम टिकत नसे. सोपानने ती लग्नाच्या वर्षी शेवटची पाहिली होती.

ती दाखवायला तो तसाच सोसायटीत गेला.

“शिंपले काढावेत म्हणणाऱ्यांनी हात वर करा,” चेअरमन म्हणाले. सगळ्यांनी सोपानकडे पाहिलं.

“माझे दोन्ही गुंतलेत,” वळवळणारी वाम घट्ट धरत तो म्हणाला.