आखाजीचे मुऱ्हाळी

"काय शिकाडतस तुम्ही पोरेसले?" पुष्पाबाईंनी मुख्याध्यापिका मोहिनीबाईंच्या टेबलावर हातच आपटला.

"बसा अक्का."

बसायला त्या आल्याच नव्हत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेक आणि नात माहेरी न्यायला त्या चोपड्याहून धुळ्याला आल्या होत्या. मुऱ्हाळी म्हणून सोबत दीर, झुलालनाना, स्वतःची गाडी घेऊन. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण दिपमाला एकाही आखाजीला माहेरच्या झोक्यावर बसली नव्हती. दर वर्षी नवं निमित्त. जावई भूपेंद्र म्हणायचा, "मी कधीच अडवलं नाही." त्यावर पुष्पाबाईंचा काडीचा विश्वास नव्हता. यंदा निदान नात तरी न्यायचीच, असं त्या ठरवून आल्या होत्या.

आणि सकाळी सात वर्षांच्या पुनमने पार अब्रू घालवली. नानांनी लाडाने मांडीवर बोलावलं, तर पोरगी ताठ उभी राहून म्हणते, "नको. मला नको म्हणता येतं. बाईंनी सांगितलंय." वर अंगाच्या सगळ्या भागांची नावं, अगदी तसलीसुद्धा, पाढे म्हणावेत तशी घडाघडा म्हणून दाखवली! नानांचा चेहरा पडला. दिपमालाने लेकीला धपाटा घालायचा सोडून तिला जवळ ओढून घेतलं.

"नाना देवमाणूस शे," पुष्पाबाई कडाडल्या. "मन्हा मालक गया तव्हय त्यासनीच घर सांभाळं. बठ्ठं गाव त्यासले हात जोडस. आनि सात वरीसनी पोर त्यासले नको म्हनस? तिले हाई कशाले शिकाडानं? लाज नही वाटस का तुमले?"

उद्या चोपड्यात हे कळलं तर तोंड कुठे लपवायचं?

मोहिनीबाईंचा आवाज चढला नाही. "अक्का, आधी आम्ही पालकांनाच शिकवतो. मुलांशी काय बोलायचं, मूल काही सांगायला आलं तर कसं ऐकायचं. हा वर्ग एका आईच्या अर्जामुळे सुरू झाला."

"कोन ती निलाजरी? नाव सांगा."

"नाव सांगणार नाही. अर्ज मात्र तिच्याच परवानगीने पालकसभेत वाचला होता. तुम्हालाही वाचून दाखवते."

फाटकाबाहेर नानांनी हॉर्न वाजवला. पुष्पाबाई पदर खोचून तशाच उभ्या राहिल्या. म्हटलं ऐकू या तरी, कोणाची ही अक्कल!

मोहिनीबाईंनी कपाटातून कागद काढला आणि वाचू लागल्या. "माझी मुलगी सात वर्षांची आहे. मी तेवढीच होते तेव्हा घरात माझ्यासोबत काय घडतं, ते मी आखाजीच्या दिवशी झोक्यापाशी आईला सांगायला गेले. मला नीट शब्द माहीत नव्हते, म्हणून बोटाने दाखवलं. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, 'गप ऱ्हाय. नाना देवमाणूस शे.'"