हात लावू नये

फोल्डरमध्ये एकाच पॅकेजच्या नऊ आवृत्त्या होत्या. पाच नुसत्या आकड्यांच्या, एक 'फायनल', एक 'खरी फायनल', एक 'फायनल नवी' आणि एक 'हात लावू नये'.

"ती शेवटची माझी," ताई म्हणाल्या.

औषधांच्या गोदामात लेबलं छापणारं हे सॉफ्टवेअर पॅकेज बाहेरच्या लोकांनी लिहिलेलं, फुकट मिळणारं. त्यात एक चूक होती. एकतीस तारखेला संपणारी मुदत लेबलावर पुढच्या महिन्याची एक तारीख म्हणून छापली जायची. सहा वर्षांपूर्वी ताईंनी ती दुरुस्त केली, दुरुस्ती मूळ लेखकांना पाठवलीही. उत्तर आलं नाही. तेव्हापासून नवी आवृत्ती आली, की ताई तिच्यातली तारखांची फाइल काढून त्या जागी आपली ठेवत.

या वेळी ती बसेना. पॅकेज उघडताच बंद पडत होतं. साहेबांनी बजावलं होतं, आधी ही नवी आवृत्ती चढवा, मग सुट्टीवर जा. आणि चार वाजता ताईंची बहीण गाडी घेऊन खाली येणार होती.

"गेल्या वर्षीही माझ्यामुळे तिला बुकिंग रद्द करावं लागलं," ताई म्हणाल्या. "आता बोलणंच टाकेल."

"एक करून बघू?" नवीन लागलेली मुलगी म्हणाली. ती भौतिकशास्त्र शिकून आली होती. "सगळं गिटमध्ये घालू, ते प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. पण आधी मूळ लेखकांचा इतिहास आणू. कुठली ओळ कोणी, कधी बदलली ते दिसेल. मग तुमची दुरुस्ती त्यावर बसवू."

"शास्त्रज्ञबाई, मला इतिहास नकोय, भूगोल हवाय. समुद्रकिनारा."

इतिहास उतरला. मुलीने ताईंची दुरुस्ती त्यावर ठेवली. गिटने ती घेतलीच नाही. बदलण्यासारखं काही नाही, असं सांगितलं.

मुलगी तारखांच्या फाइलीच्या नोंदी मागे मागे नेत गेली.

"ताई, हे बघा."

सहा वर्षांपूर्वीची नोंद. 'महिनाअखेरची चूक दुरुस्त.' बदल करणाऱ्याच्या जागी ताईंचं नाव, आडनावासकट. खाली 'मनापासून आभार.'

ताई पडद्याकडे झुकल्या. "म्हणजे सहा वर्षं मी माझीच दुरुस्ती काढून..."

"तिच्या जागी तुमचीच ठेवत होतात."

"मेल्यांना उलट दोन ओळी लिहायला काय झालं होतं!" म्हणाल्या, पण हसू आवरेना.

मुलीने नवं पॅकेज जसंच्या तसं चढवलं आणि एक लेबल छापलं. मुदत एकतीसच आली. खाली हॉर्न वाजला, मग थांबेचना.

ताईंनी पर्स उचलली. दारातून वळून म्हणाल्या, "त्या माझ्या आवृत्तीला आता खुशाल हात लाव."

मुलीने ती काढून टाकली. मग मूळ पॅकेज आणि गोदामातलं पॅकेज शेजारी ठेवून गिटला फरक विचारला.

शून्य ओळी.