ऊन प्यालेलं तेल

"वाढलंय की!" डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. "दिवाळीनंतर तपासलं तेव्हा अगदी तळाला होतं. आता डी जीवनसत्त्व चांगलं वर आलंय."

साळूबाईनं मान ताठ केली. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, "येणारच. आमच्या वाडीतली सगळी पोरं या हातांखालनं गेल्यात. येकाचा पाय वाकडा दाखवा."

शेजारी स्टुलावर तिची नात आवडी बसली होती. वय चौदा, पण अंगानं दहाची. लांब बाह्यांचा ड्रेस, डोक्यावरून ओढणी, तोंडाला पावडर. ती खाली फरशीकडं बघत होती.

आवडीला ल्युपस होता. साळूबाईला तो शब्द नीट म्हणता यायचा नाही, पण दुखणं मात्र तिला पुरतं कळलं होतं. पोरीचं रक्त पोरीवरच उठतं. ऊन लागलं की जास्त उठतं. आणि असंच उठत राहिलं तर एक दिवस मूत्रपिंडं धरतं, मग काही खरं नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच खेपेला आजी-नातीला समोर बसवून हे सांगितलं होतं. तेव्हापासून पोलादपूरच्या वर डोंगरातल्या त्या वाडीत साळूबाईनं उन्हाशी वैर मांडलं. खिडकीला गोणपाट ठोकलं. पोरीचं शेळ्यांमागं जाणं बंद, अंगणात उभं राहणंही बंद. सुनेनं एकदा तिला भर दुपारी दुकानात धाडलं, तर सुनेला वाडीदेखत सोलून काढलं.

अंधारात बसून बसून पोरीची हाडं दुखायला लागली. महाडला आणून रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ल्युपसच्या पुष्कळ मुलांचं असं होतं. ऊन टाळायचं, म्हणून डी जीवनसत्त्व कमी पडतं. आठवड्याला एक गोळी द्या, होळीच्या सुमारास परत तपासू.

साळूबाईला हे पटलं नाही. पोर आधीच मूठभर गोळ्या गिळत होती, त्यात आणखी एक. आणि ऊन काय गोळीत भरता येतं? अंगात ऊन घालायची रीत तिला ठाऊक होती. वाडीतल्या तान्ह्या पोरांना तीच चोळायची, आणि चोळायचं तेल आधी उन्हात ठेवायची. तिनं तिळाचं तेल काचेच्या बाटलीत भरलं आणि बाटली दिवसभर कौलांवर ठेवली. दिवस कलला की ते कोमट तेल आवडीच्या पाठीला आणि पायांना जिरेपर्यंत चोळलं. ऊन पोरीला बाधतं, तेलाला थोडंच बाधतं? तेलानं ऊन प्यायचं आणि पोरीनं तेल. नव्या गोळ्या तिनं चुलीत टाकल्या.

शेजारची चंपाबाई पडवीत येऊन हसली होती. "साळूबाय, उद्या बाटलीत चांदणं भरशील."

"भरीन. तुझ्या टकुऱ्यात उजेड नाय, पयली बाटली तुलाच देईन. आन् ऐकून ठेव. पोरीचा आकडा चढला नाय, तर परत कुणाच्या पोराला हात लावायची नाय मी."

आणि आता आकडा चढला होता.

"गोळी दर आठवड्याला दिलीत ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"येक बी नाय दिली." साळूबाईनं तेलाची सगळी हकिगत रंगवून सांगितली. बाहेरच्या दोघीतिघी उठून दारापाशी आल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आजी, तेलानं हे वाढत नाही. गोळीनं वाढतं, नाहीतर उन्हानं."

"मंग वाढलं कसं?"

त्या उठून आवडीजवळ आल्या. कापसाचा बोळा भिजवला आणि आवडीच्या तोंडावरची पावडर पुसली. दोन्ही गाल नाकावरून सलग, लालभडक निघाले. साळूबाई बघतच राहिली. पोर वयात आली, नटायला लागली, म्हणून पावडरचा डबा तिनंच हौसेनं आणून दिला होता. मग डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. पाय भरले ते पोरीनं अंग धरलं म्हणून, असं साळूबाई वाडीभर सांगत फिरली होती.

लघवी तपासून आली. डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलल्या. "मूत्रपिंडांवर आलंय. आजच मुंबईला न्यायला हवं. हिच्या वडिलांना कंपनीतून बोलावून घ्या."

साळूबाईनं नातीचा दंड धरला. "उन्हात बसत व्हतीस? कुठं गो?"

"गोठ्यामागं. तू गुरं पाण्यावर नेलीस की जायची."

"कोंडून ठेवली म्हणून सूड घेतलास माझ्यावर? ऊन तुला काय करील ते ह्या बाईंनी सांगितलं नव्हतं?"

"ठाव होतं मला."

"मंग कशापायी बसलीस, अवदसे?"

दारातल्या बायकांनी माना पुढं काढल्या. आवडीनं मान वर केली. आजीच्या हातावर आपला हात ठेवून ती बोलली, ते बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.

"तेल लागू पडत नव्हतं गो आजी, हाडं दुखतच होती. आकडा चढला नसता, तर तू हरली असतीस."