बाईंचे लाडके

माणूस गेलं की त्याचे लाडके वाढतात. पहिलीच्या बाईंच्या शोकसभेला डॉक्टर, वकील, बिल्डर असे झाडून सगळे विद्यार्थी हजर होते. बाईंच्या मुलीने पाठवलेल्या फोटोतून बाईंचा चेहरा तेवढा मोठा करून बिल्डरने मंचावर लावला होता, आणि खर्च आपला, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होता.

"बाईंचा जीव माझ्यावरच," वकील म्हणाला.

"गप रे, तुला तर त्या वर्गाबाहेर उभं करायच्या," डॉक्टरने फोटोपुढे डोळे पुसले. "ही मायेची नजर मी जन्मात विसरणार नाही."

शेवटी मुलीला बोलायला उभं केलं. ती बिल्डरकडे वळली.


"दादा, ही माझी आत्या. आई शेजारी उभी होती, ती तुम्ही कापलीत."