नंबर बदललेली बाई

"मालक सापडला नाही, तर मारून टाकता का हो त्यांना?"

मैत्रिणींनी पैज लावली होती. सुट्टीत कुत्र्यांच्या निवाऱ्यात कामाला जायचं, तर पहिल्याच दिवशी हा प्रश्न तिथल्या डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारायचा, नाहीतर वर्षभर दोघींची दप्तरं वाहायची. टकळीने विचारून टाकला. घरीदारी सगळे तिला टकळीच म्हणत, कारण एकदा सुरू झालेलं तिचं तोंड मिटायचं नाव घेत नसे. या सुट्टीत तर तिला शिंगंच फुटली होती.

डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या की मारत नाही. आठ दिवस या निवाऱ्यात ठेवतो, मग शहराबाहेरच्या मोठ्या कोंडवाड्यात पाठवतो.

"तरणी निभावतात. म्हातारी तिथे अन्न सोडतात."

आणि त्यांनी कोपऱ्यातल्या तपकिरी कुत्र्याकडे हनुवटीने खूण केली. एक कान अर्धा फाटलेला, मागचा पाय ओढत चालणारा. त्याचा सहावा दिवस होता.

टकळीचं काम फोनचं. कुत्र्याच्या मानेवरून यंत्र फिरवलं की कातडीखालच्या चिपचा क्रमांक दिसे. त्यावरून मालकाचं नाव, पत्ता, फोन निघे. फोन लावावा, तर तो बहुतेक बंदच. लागला तर आणखी वाईट. एकाने ऐकवलं, आता आम्ही नवा सोफा घेतलाय. एकीने विचारलं, अजून जिवंत आहे? पिंजऱ्यातल्या घाणीची टकळीला सकाळभरात सवय झाली, या माणसांची होईना. दर फोननंतर तिला साबणाने हात धुवावेसे वाटत.

तपकिरीच्या मालकिणीचा नंबर बंद होता. पत्ता पाच वर्षांपूर्वीचा. कोणाच्या दारात जायचं नाही, असा निवाऱ्याचा नियम होता. दुसऱ्या दिवशी टकळीने सायकल काढली.

त्या पत्त्यावर मालकिणीचा नवरा निघाला. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. घर असं लख्ख की चपलासुद्धा रांगेत. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून दोन कड्या होत्या. कुत्रा भारी द्वाड असणार, असं टकळीने ठरवून टाकलं. मोबाइलवरचा फोटो पाहून त्या काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. पोरासारखा वाढवला होता, म्हणाले. तीन वर्षांपूर्वी बायको एका दुपारी त्याला घेऊन निघून गेली, नंबर बदलला, कुठे आहे याचा पत्ता नाही.

चिप बाईच्या नावावर, तेव्हा कुत्रा सोडवायला तिची सही लागणार, असं टकळीने सांगितलं.

"सही मी आणतो, बाळ," काका म्हणाले आणि त्यांनी आपला नंबर दिला. "तू फक्त ती कुठे राहते ते शोध."

टकळीला भरून आलं. जगात एक तरी धड माणूस आहे म्हणायचा. तिने शहरातले जनावरांचे दवाखाने एकामागून एक फोनवर पालथे घातले. चौथ्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, हो तर, अर्ध्या कानाचा ना? बाजारामागच्या बोळात शिवणकाम करणारी बाई आणते त्याला.

दुकानाचं दार आतून लावलेलं होतं. खूप वेळाने ते चार बोटं उघडलं. बाईच्या गळ्यात मोजपट्टी होती. तिने फटीतूनच फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला.

"माझा नाही."

"चिप तुमच्या नावावर आहे, मावशी."

"नंबर चुकला असेल." मग हळूच, "खातोय का नीट?"

टकळीचं डोकं फिरलं. "तुमचा नाही ना? मग खाल्लं काय, उपाशी मेला काय, तुम्हाला काय त्याचं?"

बाईने मान खाली घातली. मी इथे असते हे आणखी कोणाला ठाऊक आहे, एवढंच तिने विचारलं.

"कोणाला नाही. घाबरू नका, अब्रू शाबूत आहे तुमची."

"तशीच राहू दे गं. एवढे उपकार कर." आणि दार लागलं.

टकळीला अक्षरशः शिसारी आली. सोफेवाला परवडला, तो निदान तोंडावर बोलला. बोळाच्या तोंडाशी सायकल थांबवून तिने काकांना अख्खा पत्ता पाठवला, दुकानाच्या पाटीसकट. मग ताठ मानेने घरी आली.

आई-बाबा चहा घेत होते. टकळीने सगळी हकिगत अभिनयासह सांगितली, बाईच्या आवाजाची नक्कलही केली. आई म्हणाली, काय एकेक बायका असतात. बाबा म्हणाले, पोरीला वकील करायला हवं, समोरचा ऐकून ऐकूनच गुन्हा कबूल करेल. टकळी खूश झाली. आता वेळ तेवढी ठरवायची राहिली होती. कुत्र्याला न्यायला उद्या किती वाजता येताय, असं तिने काकांना विचारलं.

उत्तर लगेच आलं.

"कुत्रा ठेवा तुमच्याकडेच, बाळ. मी निघालोय तिच्याकडे."

टकळीने ते दोनदा वाचलं. मग मोबाइल आईच्या हातात दिला आणि भिंतीवरची गाडीची किल्ली काढली.

"आई, तू पोलिसांना फोन लाव. बाबा, तुम्ही उठा. मी त्या मावशींना आपल्या घरी आणणार आहे, आणि त्याच्या आधी पोचायचंय."