मिनिटाला एकशे चौदा पावलं

एमिल चष्मा टेबलावरच विसरला होता. चष्म्याशिवाय या पोराला झाड आणि माणूस यातला फरक कळत नाही, आणि त्याची पलटण तर आघाडीवर निघालेली. म्हणून त्याचे वडील, म्हातारे बँडमास्तर, चष्मा मुठीत धरून, दुखरा गुडघा ओढत, रांगेच्या कडेनं धावत होते.

बँड त्यांनीच रचलेला मार्च वाजवत होता. मिनिटाला एकशे चौदा पावलं. आकडा त्यांनीच ठरवलेला.

"अरे, जरा हळू घे ना!" बँड चालवणाऱ्या जुन्या शिष्याला ते धापा टाकत म्हणाले.

"मास्तर, हळू घेतलं की तुम्हीच छडी मारायचात!" तो हसत पुढे गेला.

"जन्मात एखादं संथ, नाचाचं वॉल्ट्झ लिहिलं असतंत, तर काय बिघडलं असतं?" मागून मास्तरांची बायको रडवेली होऊन ओरडली.

तेवढ्यात गर्दीनं त्यांना ओळखलं. "अहो, हा मार्च यांचाच!" लोकांनी त्यांना थेट खांद्यांवर उचललं.

"उतरवा मला! माझा मुलगा चाललाय!"

"आता सगळेच तुमचे मुलगे, मास्तर!"

वरून त्यांना एमिलची उन्हानं लाल झालेली मान दिसली. त्यांनी दोन्ही हात उंच केले. "थांबा! थांबा!"

शिष्यानं वळून पाहिलं. ढोलांच्या आवाजात शब्द पोचले नाहीत, हात मात्र दिसले. मास्तरांचे दोन्ही हात वर म्हणजे 'आणखी जोरात', हे तालमींत शिकलेलं तो विसरला नव्हता. त्यानं कडक सलाम ठोकला आणि बँडला तशी खूण केली.