नव्वद दिवसांपलीकडचं

"दहा माणसं, दोन ॲप्स आणि मागच्या नव्वद दिवसांच्या नोंदी. छोट्या प्लॅनमध्ये एवढंच मिळतं." साहेबांनी स्क्रीन ताईकडे वळवली. "मोठ्यात सगळंच. माणसं हवी तेवढी, हजेरी, नकाशा, शिवाय पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी. आता तुम्हीच सांगा. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या ऑफिसात तक्रारींचं काम ताईकडे होतं. तक्रारी नोंदवायच्या सॉफ्टवेअरचा मोठा प्लॅन ऑफिसला सहा महिने फुकट वापरायला मिळाला होता, आणि आज संध्याकाळी पाचला ती मुदत संपत होती. छोटा प्लॅन घेतला, की नव्वद दिवसांपलीकडचं सगळं कायमचं पुसलं जाणार होतं.

ताईचा जीव अडकला होता तो चौऱ्याण्णव दिवसांपूर्वीच्या एका तक्रारीत.

त्या सकाळी लेक तापाने फणफणलेली, म्हणून ताई घरूनच काम करत होती. एका हातात कपाळावरची ओली पट्टी, दुसऱ्या हातात फोन. साडेदहाला एका इमारतीच्या रखवालदाराची तक्रार आली. लिफ्ट थांबल्यावर खाली सरकते, म्हणे. तिने ती वाचली, एवढं पक्कं आठवत होतं. पुढे पाठवली का? देव जाणे! ऑफिसची रीत अशी, की तिने तक्रार त्याच सॉफ्टवेअरमधून साहेबांना पाठवायची आणि साहेबांनी मेकॅनिक धाडायचा. मेकॅनिक काही गेला नाही. तिसऱ्या दिवशी ती लिफ्ट दोन मजले खाली आली आणि आतल्या एका शिक्षिकेचा पाय मोडला.

"आमच्याकडे तक्रारच आली नव्हती," साहेब चौकशी अधिकाऱ्यांना ठामपणे म्हणाले. ताईला वाटलं, म्हणजे आपण ती पाठवलीच नाही! ती मूग गिळून गप्प बसली. ठपका आला मामांवर. मामा म्हणजे त्या लिफ्टची देखभाल करणारे मेकॅनिक, सगळ्या ऑफिसचे मामा.

चौकशीची फाईल तीन महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. आता सोमवारी अधिकारी स्वतः ऑफिसच्या नोंदी बघायला येणार होते.

ती नोंद हाताने पुसता येत नव्हती. उघडून खात्री करावी, तर मोठ्या प्लॅनचं भलतंच झेंगट. कोणती नोंद कोणी, कधी उघडली, तेही त्यात दिसायचं. इतक्या दिवसांनी नेमकी तीच तक्रार उघडायची म्हणजे आपणहून स्वतःला पकडून द्यायचं. ताईने तिकडे बोटही नेलं नव्हतं.

"छोटाच घ्या, साहेब," ती म्हणाली. "आपण माणसं नऊ. नकाशा कशाला हवाय आपल्याला? सगळ्यांना गल्ल्या पाठ आहेत."

साहेबांनी पेनाचं टोपण चावलं. "आणि जुन्या नोंदी? त्या गेल्या तर चालेल तुम्हाला?"

"मला काय करायच्यात त्या?"

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. "ठीक आहे. पाचच्या आत काय ते करून टाका."

चारला मामा आले. गेले तीन महिने त्यांना कामावर घेत नव्हते, तरी अंगात ऑफिसचाच निळा शर्ट, इस्त्री केलेला.

"ताई, मोठा प्लॅन घेणार ना गं? त्यात जुनं सगळं राहतं म्हणे. तक्रार आली असेल तर दिसेल, आणि मला कुणी कळवलं नाही तेही दिसेल. सव्वीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात काढली. जाताना हा डाग नको."

"ते साहेबांच्या हातात आहे, मामा."

"तू सांगितलंस तर ऐकतील ते. तुझ्या शब्दाला मान आहे इथे."

ताईला त्यांच्याकडे बघवेना. लाज वाटत होती, पण तिच्या एकटीच्या पगारावर घर चालत होतं, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती. "बघते," एवढंच ती म्हणाली. मामा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

पाचाला दहा कमी असताना साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर शेवटचा प्रश्न आला. जुन्या नोंदी परत मिळणार नाहीत, पुढे जायचं? मागे साहेबांचा श्वास ऐकू येत होता.

तिने 'हो' दाबलं.

"गेलं?" साहेबांनी विचारलं.

"गेलं."

साहेबांनी दार लोटून घेतलं आणि समोरच्या खुर्चीत अंग टाकलं. त्यांनी चक्क हात जोडले.

"ताई, रखवालदाराची तक्रार तुम्ही दोन मिनिटांत मला पाठवली होतीत. मीच ती वाचून 'उद्या बघू' म्हणून ठेवून दिली. अधिकाऱ्यांसमोर मी धडधडीत खोटं बोललो, तरी तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, आणि आज माझ्यासाठी ती नोंदही पुसलीत. हे उपकार मी जन्मात विसरणार नाही."